रिकी हेंडरसन गेला, टीमनं शहरही सोडलं. ओकलंडच्या पोरांकडे उरलं ते २५ सेंटच्या पाकिटातलं एक कार्ड

२६ सप्टेंबर २०२४. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातलं ओकलंड शहर. इथल्या कोलिझियम स्टेडियममध्ये त्या दिवशी ४६ हजार ८८९ लोक आले होते. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध टेक्सास रेंजर्स अशी बेसबॉलची मॅच होती. अ‍ॅथलेटिक्सनं ती ३-२ अशी जिंकली, पण जिंकूनही स्टँडमधली माणसं रडत होती.

कारण ५७ सीझन या शहरात खेळलेली टीम आता शहर सोडून चालली होती आणि कोलिझियमवरची तिची ही शेवटची मॅच होती.

मॅच सुरू होण्याआधी मानाचा पहिला बॉल टाकायला दोन जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. त्यातला एक होता डेव्ह स्टुअर्ट आणि दुसरा रिकी हेंडरसन. रिकी याच शहरात वाढलेला, याच मैदानावर पहिली मॅच खेळलेला. २०१७ पासून तर या मैदानालाच ‘रिकी हेंडरसन फील्ड’ असं नाव होतं.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. २० डिसेंबर २०२४ ला रिकी हेंडरसन गेला. वय ६५. आणखी पाच दिवसांनी त्याचा ६६ वा वाढदिवस होता.

म्हणजे एकाच वर्षात ओकलंडची टीम गेली, मैदान सुनं झालं आणि हिरोही गेला. मग ज्या पोरांनी ऐंशीच्या दशकात या माणसाला बघत बालपण काढलं, जी आता पन्नाशीच्या पुढची झालीत, त्यांनी त्याला आठवायचं कुठे जाऊन?

तर त्यातल्या अनेकांच्या घरात एक उत्तर आहे. जुन्या बुटाच्या खोक्यात पडलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा, अडीच इंच बाय साडेतीन इंच. टॉप्स कंपनीचं १९८० सालचं कार्ड, नंबर ४८२.

आता हे कार्ड प्रकरण काय आहे, त्यावर लाखो डॉलर्सचा बाजार कसा उभा राहिला आणि त्या बाजारात लहानपणीच्या आठवणीचं काय होतं, तेच समजून घेऊ.

आधी रिकी हेंडरसन कोण होता, ते बघू

बेसबॉल आपल्याकडे फारसा बघितला जात नाही, त्यामुळे दोन ओळीत सांगायचं तर मैदानावर चार बेस असतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे साधारण २७ मीटर. बॅटरनं चारही बेस फिरून परत यायचं, तेव्हा एक रन होतो.

साधारणपणे पुढच्या बॅटरनं बॉल मारला की बेसवर थांबलेला खेळाडू पुढे पळतो. पण काही खेळाडू तेवढीही वाट बघत नाहीत. समोरचा पिचर बॉल टाकतोय तेवढ्या वेळात ते पुढचा बेस गाठतात. फेकलेला बॉल आधी पोहोचला तर आउट आणि माणूस आधी पोहोचला तर बेस त्याचा. याला म्हणतात ‘स्टोलन बेस’, म्हणजे चोरलेला बेस. क्रिकेटमधल्या चोरट्या धावेसारखंच, पण इथं बॉल बॅटला लागायचीही गरज नाही.

तर या चोरीत रिकी हेंडरसनचा हात धरणारा आजवर कुणी झाला नाही.

त्यानं कारकिर्दीत १४०६ बेस चोरले. दुसऱ्या नंबरवर असलेल्या लू ब्रॉकच्या नावावर ९३८ आहेत. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात ४६८ चा फरक, जवळपास दीडपट. १९८२ च्या एकाच सीझनमध्ये त्यानं १३० बेस चोरले होते. १९८७ नंतर एका सीझनमध्ये शंभरचा आकडाही कुणाला गाठता आलेला नाही. २०२३ मध्ये मेजर लीगनं नियम बदलले, बेसचा आकार १५ इंचावरून १८ इंच केला, चोरी सोपी व्हावी म्हणून पिचरवर बंधनं आणली. तरी त्या वर्षी सगळ्यात जास्त बेस चोरणाऱ्या रोनाल्ड अकुन्याचा आकडा होता ७३.

बरं, तो नुसता पळायचा असंही नाही. तो ओपनर होता. टीमच्या डावातला पहिलाच बॅटर म्हणून येऊन त्यानं ८१ वेळा थेट होमरन मारला. त्याच्या नावावर २२९५ रन आहेत, हाही मेजर लीगचा विक्रम. आपल्याकडे सेहवाग ओपनिंगला आला की समोरच्या बॉलरच्या पोटात जसा गोळा यायचा, तशीच ही भानगड.

त्याची उभं राहण्याची पद्धतही वेगळी होती. गुडघ्यात इतका वाकायचा की अर्धा बसलाय असं वाटावं. बेसबॉलमध्ये बॉल कायदेशीर ठरण्यासाठी तो बॅटरच्या छाती आणि गुडघ्याच्या दरम्यान यावा लागतो. हा गडी वाकून तेवढी जागाच कमी करून टाकायचा. पिचरनं बॉल टाकायचा कुठे?

१९८० च्या त्या कार्डावर तो असाच उभा आहे. वाकलेला, हातात बॅट, नजर समोर.

२५ सेंट आणि ओकलंडचा पोरगा

रिकीचा जन्म शिकागोचा, पण तो लहानपणीच ओकलंडला आला. ओकलंड टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकला. त्याला खरं तर अमेरिकन फुटबॉल खेळायचा होता. बेसबॉलकडे तो कसा वळला, याचा किस्सा त्यानं २००९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवड झाल्यावर केलेल्या भाषणात स्वतःच सांगितला. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी त्याला चक्क लाच देऊ केली होती. प्रत्येक हिटला, प्रत्येक रनला आणि प्रत्येक चोरलेल्या बेसला २५ सेंट.

१९७६ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सनं त्याला निवडलं. २४ जून १९७९ ला तो कोलिझियमवर पहिली मॅच खेळला. समोर टीम होती टेक्सास रेंजर्स, पुढे ४५ वर्षांनी याच मैदानावरच्या शेवटच्या मॅचमध्ये होती तीच. पहिल्याच दिवशी त्यानं एक बेस चोरला.

पण तो आला तेव्हा टीमची अवस्था काय होती? टीम हरत होती आणि मालक खर्च करत नव्हता. १९७९ च्या एप्रिलमध्ये एका मॅचला फक्त ६५३ प्रेक्षक होते. पूर्ण सीझनमध्ये मिळून ३ लाख ६ हजार ७६३. टीम शहर सोडणार अशी चर्चा तेव्हाही होतीच.

मग आलं १९८०. बिली मार्टिन मॅनेजर झाले, टीम आक्रमक खेळायला लागली आणि २१ वर्षांच्या रिकीनं त्या सीझनमध्ये १०० बेस चोरून टाय कॉबचा अमेरिकन लीगमधला ९६ चा जुना विक्रम मोडला. प्रेक्षकांचा आकडा गेला ८ लाख ४२ हजारांवर. एका वर्षात अडीच पटींपेक्षा जास्त.

आणि त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात टॉप्सचं एक पाकीट मिळत होतं. आत १५ कार्डं आणि एक बबलगमची पट्टी. किंमत २५ सेंट. शाळेतल्या बाई रिकीला एका बेसचे जेवढे देत होत्या तेवढेच.

संध्याकाळी रेडिओवर ज्याचं नाव ऐकायचं, तोच दुसऱ्या दिवशी २५ सेंटच्या पाकिटातून हातात यायचा. ४८२ नंबरच्या कार्डाचं महत्त्व इथून सुरू होतं.

पण त्याचं एकच कार्ड का?

बेसबॉलची कार्डं मुळात मुलांसाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेट कंपन्या पाकीट वाकू नये म्हणून आत पुठ्ठा घालायच्या आणि त्यावर खेळाडूचं चित्र छापायच्या. आज कोट्यवधींना विकलं जाणारं होनस वॅगनरचं कार्ड १९०९ ते १९११ च्या दरम्यानच्या अशाच सिगारेटच्या पाकिटांतून आलंय. १९३० च्या दशकात सिगारेटची जागा च्युइंगमनं घेतली आणि कार्डं पोरांच्या हातात आली.

टॉप्स ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली च्युइंगम कंपनी. तिनं १९५२ मध्ये मोठा सेट काढला. पुढे फोटो, मागे खेळाडूची माहिती आणि आकडेवारी. आज आपण ज्याला बेसबॉल कार्ड म्हणतो तो साचा इथं पक्का झाला. त्यानंतर टॉप्सनं एकेका खेळाडूबरोबर करार करत बाजार आपल्या ताब्यात ठेवला. फ्लीअर नावाची प्रतिस्पर्धी कंपनी १९७५ मध्ये कोर्टात गेली. १९८० मध्ये निकाल फ्लीअरच्या बाजूनं लागला आणि १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस या दोन कंपन्या बाजारात उतरल्या.

म्हणजे १९८० हे टॉप्सच्या एकाधिकाराचं शेवटचं वर्ष. नंतरच्या खेळाडूंची पदार्पणाची तीन-तीन, चार-चार कार्डं निघाली. पण रिकीचं पदार्पणाचं, म्हणजे ‘रूकी’ कार्ड म्हणून सगळे मानतात ते एकच, ७२६ कार्डांच्या सेटमधलं ४८२ वं.

पोरांनी त्या कार्डाचं काय केलं?

जे पोरं करतात तेच. रबर लावून गठ्ठा बांधला. खिशात घालून शाळेत नेलं. भिंतीवर उडवायचे खेळ खेळले. सायकल चालवताना फटफटीसारखा आवाज यावा म्हणून चाकाच्या स्पोकमध्ये अडकवलं. मित्राशी अदलाबदल केली. बबलगमचे डाग पडले. कोपरे गोल झाले.

आणि मागची आकडेवारी पाठ केली, हे सगळ्यात महत्त्वाचं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. सगळ्या मॅच टीव्हीवर दिसत नव्हत्या. खेळाडूचा जन्म कुठला, तो कुठल्या हातानं खेळतो, गेल्या वर्षी त्यानं काय केलं, हे कळायचा मार्ग म्हणजे कार्डाची मागची बाजू. एका पिढीला खेळाचा इतिहास या पुठ्ठ्यानं शिकवला.

पुढे रिकी टीम बदलत राहिला. २५ सीझनमध्ये नऊ टीम. न्यूयॉर्क यँकीज, टोरंटो, सॅन दिएगो, सिएटल, बोस्टन, शेवटी २००३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स. आणि मधे मधे परत ओकलंड. एकदा नाही, चार वेळा तो ओकलंडकडून खेळला. ज्यांनी दरवर्षीची कार्डं जमवली त्यांच्याकडे हा सगळा प्रवास क्रमानं लावलेला आहे. अंगावरची जर्सी बदलते, चेहरा थोराड होतो, मागच्या आकड्यांच्या ओळी वाढत जातात. एखाद्या फॅमिली अल्बमसारखं.

मानसशास्त्रात याला जवळ जाणारी एक संकल्पना आहे. उतारवयात माणसाला सगळ्यात जास्त आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे दहाव्या वर्षी जो खेळाडू आवडला तो डोक्यातून सहसा जात नाही. पण आठवण बाहेर यायला काहीतरी निमित्त लागतं. एखादं गाणं, एखादा वास, एखादी वस्तू. कार्ड हे तसंच निमित्त आहे. ते हातात घेतलं की रिकी आठवतो, आणि रिकीबरोबर ते विकत घेऊन देणारा बापही आठवतो.

मग या पुठ्ठ्याचा शेअर बाजार कसा झाला?

याची सुरुवात टॉप्सच्याच एका निर्णयापासून सांगता येते. १९५२ च्या सेटमधली शेवटची कार्डं उशिरा बाजारात आली आणि विकली गेली नाहीत. गोदामात जागा अडत होती. शेवटी १९६० मध्ये ती बोटीवर चढवली आणि अटलांटिक महासागरात फेकून दिली. त्यात मिकी मँटल या दिग्गज खेळाडूची कार्डंही होती. जी थोडी लोकांच्या घरात उरली, ती दुर्मिळ झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलंच एक उत्तम अवस्थेतलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलर्सना विकलं गेलं. तेव्हाच्या हिशोबानं साधारण १०० कोटी रुपये.

जुन्या कार्डांना असे भाव येतात, ही गोष्ट १९८० च्या दशकातच लोकांच्या लक्षात आली होती. मग काय, प्रत्येकजण खोकीच्या खोकी घेऊन ठेवायला लागला. पोरांच्या कॉलेजच्या फीची सोय म्हणून बापांनी माळ्यावर न उघडलेली खोकी ठेवली. कंपन्यांनीही मशीन थांबवली नाही. सगळ्यांनीच जपून ठेवलं, त्यामुळे काहीच दुर्मिळ राहिलं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या या काळाला संग्राहक आज ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद आणि जंक म्हणजे भंगार.

त्यात १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि लोक खेळावरच चिडले. बाजार बसला.

दुसरी उसळी आली ती कोरोनात. लोक घरी अडकले, माळे साफ करायला लागले, जुनी खोकी सापडली. हातात पैसा आणि वेळ दोन्ही होतं. मे २०२१ मध्ये परिस्थिती अशी झाली की विस्कॉन्सिन राज्यात एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली आणि टार्गेट या बड्या रिटेल कंपनीनं आपल्या दुकानांत अशी कार्डं विकणं काही काळ थांबवलं.

जपलेलं महाग, खेळलेलं स्वस्त

या सगळ्या बाजाराचा कणा म्हणजे ‘ग्रेडिंग’. पीएसएसारख्या कंपन्या पैसे घेऊन तुमचं कार्ड तपासतात. चारही कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, छपाई मधोमध आहे का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का. मग एक ते दहा असे मार्क देतात आणि कार्ड जाड प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं सील करतात. २०२१ मध्ये पीएसएकडे इतकी कार्डं साचली की त्यांना काही महिने बहुतेक नवीन कार्डं घेणं थांबवावं लागलं.

आता ४८२ नंबर घ्या. रिकीची ही कार्डं हजारोंच्या संख्येनं ग्रेडिंगला गेलीत. १९८० ची छपाई फार काही चांगली नव्हती, बरीच कार्डं पाकिटातूनच वाकडी छापून आलेली. त्यामुळे दहापैकी दहा मिळालेली कार्डं पंचवीसच्या आसपास आहेत. २०२१ मध्ये असं एक कार्ड एक लाख डॉलर्सच्या पुढे विकलं गेलं. पण कोपरे गोल झालेलं, मधे घडी पडलेलं तेच कार्ड? ते आजही साध्या माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या भावात मिळतं.

खरी गोम इथं आहे. दहापैकी दहा मिळवणारं कार्ड कसं असतं? तर ज्याला कुणी हातच लावला नाही असं. ज्याच्या वाट्याला सायकल आली नाही, खिसा आला नाही आणि शाळेतली मधली सुट्टीही आली नाही. आणि बाजाराच्या लेखी ज्याची किंमत कमी, ते बहुतेक वेळा कुणीतरी जीव लावून वापरलेलं असतं. म्हणजे प्रेमाची प्रत्येक खूण ही बाजाराच्या भाषेत खोट ठरते.

अर्थात दुसरी बाजूही आहे. भाव आला म्हणूनच लोकांनी ही कार्डं फेकली नाहीत. ग्रेडिंगमुळे खरं-खोटं कळतं, नाहीतर रिकीच्या या कार्डाच्या नकलाही बाजारात फिरतात. आणि कुणाला अडचणीच्या वेळी बालपणीच्या खोक्यातून चार पैसे मिळाले, तर त्यात वाईट काय?

त्यामुळे ‘बाजार वाईट आणि आठवण चांगली’ इतकं हे सोपं नाही. आधी कुणाचं नाव घेतलं जातं, खेळाडूचं की किमतीचं, यावर सगळं ठरतं.

गंमत म्हणजे या बाबतीत रिकीचा स्वतःचा एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. असं सांगतात की एका वर्षी अ‍ॅथलेटिक्सच्या हिशोबात दहा लाख डॉलर्सचा मेळ लागेना. शोधाशोध झाली तेव्हा कळलं की रिकीला दिलेला चेक बँकेत जमाच झालेला नाही. विचारलं तर म्हणे, त्यानं तो फ्रेम करून भिंतीवर लावला होता. आपण लखपती झालो याची आठवण म्हणून. पैसे देणारा कागद त्यानं आठवणीचा कागद करून टाकला. बाजारानं त्याच्या कार्डाबरोबर बरोबर उलटं केलं.

मग आजच्या पोरांचं काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि खेळाडूंच्या संघटनेनं कार्डांचे पुढचे हक्क फॅनॅटिक्स या कंपनीला दिले. सत्तर वर्षं हे काम करणाऱ्या टॉप्सच्या पायाखालची जमीन सरकली. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सनं टॉप्सच विकत घेतली. पुढे बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचे हक्कही याच कंपनीकडे गेले. २०२३ मध्ये पॅनिनी ही इटालियन कंपनी मक्तेदारीचा आरोप करत कोर्टात गेली आणि फॅनॅटिक्सनंही उलट दावा ठोकला. १९७५ मध्ये फ्लीअर कोर्टात गेली होती, त्याचीच ही पुढची आवृत्ती म्हणायची.

पण पाकिटं उघडणाऱ्यांसाठी त्याहून मोठा बदल पाकिटाच्या आत झालाय. आता कंपन्या मुद्दाम दुर्मिळ कार्डं छापतात. खेळाडूची सही असलेली, जर्सीचा तुकडा लावलेली, जगात एकच प्रत असलेली. बबलगमची पट्टी १९९२ पासूनच टॉप्सच्या पाकिटातून गायब झाली आणि तिच्या जागी एक प्रकारची लॉटरी आली. काहीजण तर खोकं लाइव्ह व्हिडिओवर उघडतात. बघणारे आधीच पैसे भरून त्यातला वाटा घेतात आणि नशिबात काय निघतंय ते बघत बसतात. याला ‘ब्रेक’ म्हणतात आणि हा जुगारच आहे का, यावर अमेरिकेत वाद सुरू आहे.

२०२४ चं एक उदाहरण बघा. पिट्सबर्ग पायरेट्सचा नवा पिचर पॉल स्कीन्स याच्या पहिल्या मॅचच्या जर्सीवरची पट्टी लावलेलं एकच कार्ड टॉप्सनं पाकिटात टाकलं होतं. ते कुणालाच सापडण्याआधी टीमनं जाहीर करून टाकलं, कार्ड आम्हाला द्या, ३० वर्षांची सीझन तिकिटं घ्या. ख्रिसमसच्या दिवशी लॉस एंजेलिस परिसरातल्या एका ११ वर्षांच्या मुलाला ते सापडलं. कुटुंबानं तिकिटांऐवजी लिलाव निवडला. मार्च २०२५ मध्ये ते कार्ड ११ लाख डॉलर्सना गेलं, म्हणजे नऊ कोटी रुपयांपेक्षा जास्त.

त्या घरानं चूक केली असं कुणी म्हणणार नाही. एवढी रक्कम कुणीही घेईल. पण फरक लक्षात घ्या. १९८० मध्ये अकरा वर्षांच्या पोराला रिकीचं कार्ड सापडलं तर त्याची किंमत होती मित्राशी होणारी एक अदलाबदल. कार्ड त्याच्याकडेच राहिलं, कारण ते विकून मिळणार काहीच नव्हतं. आज कार्ड चांगलं निघालं तर ते हातातून लगेच जातं आणि साधं निघालं तर त्याकडे कुणी बघत नाही. दोन्ही बाजूंनी ते खोक्यात राहणं अवघड झालंय.

हे आपल्याकडेही घडलंय का?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात शाळेत असलेल्या पोरांना डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं सांगायला नकोत. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट खेळला, किती जिंकला. सगळं तोंडपाठ. अंडरटेकर कुणाच्या वाट्याला आला यावर मधली सुट्टी संपायची. कुस्त्या बघायला घरी केबल असलीच पाहिजे असंही नव्हतं, कार्ड पुरेसं होतं.

आपल्याकडे त्या कार्डांना कधी ग्रेडिंगची बाजारपेठ मिळाली नाही. बहुतेक कार्डं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीबरोबर गेली. पण २४ जुलै २०२५ ला हल्क होगन गेल्याची बातमी आली तेव्हा अनेकांना रिंगच्या आधी आठवलं असेल ते कोपरे तुटलेलं त्याचं कार्ड. ओकलंडच्या पन्नाशीतल्या माणसाला ४८२ नंबर बघून जे होतं, ते यापेक्षा फार वेगळं नाही.

ओकलंडकडे आता काय उरलंय?

ओकलंडनं आधी बास्केटबॉलची टीम गमावली. गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेली. २०२० मध्ये अमेरिकन फुटबॉलची रेडर्स लास वेगासला गेली. बेसबॉलची टीम जाऊ नये म्हणून जून २०२३ मध्ये प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून २७ हजार ७५९ लोक मॅचला आले आणि मालकानं टीम विकावी म्हणून ओरडले. उपयोग झाला नाही. २०२५ पासून टीम वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर खेळते आणि २०२८ मध्ये लास वेगासला जायचा बेत आहे. सध्या टीमच्या नावात कुठल्याच शहराचं नाव नाही. नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’.

टीमबरोबर तिचा इतिहासही जातो. ट्रॉफ्या, विक्रम, निवृत्त केलेला २४ नंबर, सगळं कागदोपत्री फ्रँचायझीच्या मालकीचं. ओकलंडच्या लोकांनी २०२४ मध्ये ‘ओकलंड बॉलर्स’ नावाची आपली छोटी टीम उभी केली. २०२५ मध्ये तिनं पायोनियर लीग जिंकलीही. पण मेजर लीग आता शहरात नाही.

अशा वेळी ४८२ नंबरचं झिजलेलं कार्ड वेगळं दिसायला लागतं. टीम कुठे खेळणार हे मालक ठरवतो. कार्डाचे हक्क कुणाकडे असणार हे कंपन्या ठरवतात. दहापैकी किती मार्क द्यायचे हे ग्रेडिंगवाले ठरवतात. पण १९८० च्या उन्हाळ्यात २५ सेंट देऊन घेतलेलं, दहा वेळा पडलेलं, कोपरे गोल झालेलं कार्ड कुणाचं, हे फक्त एकच माणूस ठरवतो. त्याला बाजारात भाव नाही, त्यामुळे ते विकायचा मोहही होत नाही.

रिकी हेंडरसनचा १४०६ चा विक्रम कदाचित कुणी मोडणार नाही. तो रेकॉर्ड बुकात सुरक्षित आहे. पण तो कसा वाकून उभा राहायचा आणि बेसकडे नजर लावून कसा थांबायचा, हे रेकॉर्ड बुक सांगत नाही. ते नातवाला दाखवायचं असेल, तर खोकं काढून पुठ्ठ्याचा तो तुकडा त्याच्या हातात द्यावा लागतो. आणि त्यासाठी ते कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेलं नसलेलंच बरं.